भूतब्रेक

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे ब्रेककाका, काकू, आणि चाचणी केंद्रातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवलंय, ते दिसतंय मला.

आपण इथे गाडीला स्वतःहून चालायला शिकवतो. ती रस्त्यावरचा आपला पट्टा सोडत नाही, पुढच्या गाडीशी अंतर राखते, माणूस दिसला की आपण होऊन थांबते. तरीही बारा वर्षं काका तिच्या चालकाच्या जागेवर बसले, उजवा पाय ब्रेकवर तरंगता ठेवून. तिनं स्टिअरिंग ओढलं की म्हणायचे, "अगं, कळतंय मला!" काकू सांगतात, घरी सोफ्यावर बसले तरी त्यांचा पाय जमिनीवर दाबत असतो. हसा, हसा. मीही हसायचे.

कधी कधी समोर काही नसताना गाडी थांबते. त्याला आपण भूतब्रेक म्हणतो. चार वर्षांपूर्वी एका आठवड्यात तिसऱ्या वळणावर असे सात झाले. कॅमेऱ्यात नुसतं वाढलेलं गवत. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात सातही वेळा मी लिहिलं, 'भूत'. काका म्हणाले, "पोरी, थांबतेय तर थांबू दे. एकदा उतरून बघून तरी ये." मी म्हटलं, "काका, रडारला भास होतोय." आणि त्या जागेपुरता रडारचा इशारा, म्हणजे गाडीचं आपोआप थांबणंच, बंद करून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, मला घाई होती.

त्या गवतामागे नाल्याच्या काठी आपल्या बागेच्या मावशी बसून तण काढायच्या. सातही वेळा त्या तिथेच होत्या. आठव्या खेपेला त्या उठून रस्त्यावर आल्या आणि गाडी थांबली नाही. मावशी गेल्या.

चौकशीत काका एकच वाक्य बोलले, "माझा पाय उशिरा पडला." नंतर जिन्यात मला म्हणाले, "तुझी नोकरी नवी आहे. माझं काय राहिलंय?" आणि मी गप्प बसले. त्यांचा पाय उशिरा पडला नव्हता. मावशी दिसल्यापासून अर्ध्या सेकंदात तो खाली होता, पण तेवढ्या अंतरात तो पुरला नाही; गाडीनं आधीच आपण होऊन लावायचा ब्रेक लावलाच नाही. गाडीतली ती नोंद माझ्याकडे होती. कुणी मागितली नाही, मी दाखवली नाही.

उद्याच्या गाडीत चालकच नसेल म्हणतात. मग 'माझा पाय उशिरा पडला' असं आपल्यासाठी कोण म्हणणार?

आता ते रडार पुन्हा चालू आहे. गवत काढलं, नाला बुजवला. तरी अधूनमधून गाडी तिथे थांबते. मी दर वेळी उतरते, चहूकडे बघते. कुणी नसतं. नोंदवहीत 'भूत' लिहायला आता हात धजत नाही. मी 'मावशी' लिहिते.

मावशींची मुलगी आपल्या स्वागतकक्षात बसते. चार वर्षं ती काकांना बघून मान फिरवते. आत्ता ती दाराशी उभी आहे. ताई, मान फिरवायची तर माझ्याकडे बघून फिरव.

अध्यक्षमहोदय, ती नोंद मी तुमच्या घड्याळाशेजारी ठेवते आहे. काकांच्या कागदांवरचा ठपका आज पुसला जावा, एवढीच विनंती.

काका, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू, मला कळत नाही. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, तुमचेही आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. चार वर्षं बोलले नाही, ते मात्र कुणी पोटात घालू नका.