परत सर्दी

(खोलीचं दार बंद. आत आई, बाहेर जेवणाचं ताट घेऊन मुलगी.)

आई : परत परत कशी होते गं सर्दी? अगं, गेल्याच महिन्यात झाली होती ना तुला!

मुलगी : ती वेगळी होती, आई. ताट स्टुलावर ठेवलंय. मी मागे सरले की मग दार उघड.

आई : सर्दीत कसली आलीय वेगळी न् सारखी?

मुलगी : डॉक्टर म्हणाले, सर्दीचे विषाणू ढीगभर प्रकारचे असतात. शरीर एकाला ओळखायला शिकतं, तोवर दुसराच दारात हजर. शिवाय ओळखलेल्यालाही काही काळाने विसरतं. त्यात माझं पाळणाघर! एकाचं नाक पुसेपर्यंत दुसऱ्याचं वाहतंय.

आई : आणि मला झाली तर?

मुलगी : तुझ्या फुप्फुसांना झेपेल का? मागच्या वेळी ऑक्सिजन लावावा लागला.

आई : म्हणून मी कोंडलेली. भिंतीवरची पाल तेवढी भेटायला येते. हल्ली तीही तोंड फिरवते.

मुलगी : दादा फोन करतो ना रविवारी.

आई : फोनला सर्दी होत नाही, बरंय त्याचं. ए, 'मामा' म्हण बघू.

मुलगी : काय?

आई : म्हण तर.

मुलगी : मामा.

आई : नाक चोंदलं की 'मामा'चा 'बाबा' होतो. शाळेत जन्मभर पोरांचे उच्चार सुधारलेत मी. तुला सर्दी नाहीये.

मुलगी : ...होती. गेली चार दिवसांपूर्वी.

आई : मग दार का बंद?

मुलगी : दिवसभर पोरांचं करायचं, घरी आलं की तुझं. वाफ, औषधं, पाठ चोळणं, रात्री तू खोकलीस की उठणं. मला सर्दी झाली की शेजारच्या मावशी तुझ्यापाशी झोपायला येतात. मला सलग झोप मिळते, आई. नुसतं 'दमले' म्हटलं तर कोण येणार? हल्ली वाटतं, कधी एकदा परत होतेय सर्दी. लाज वाटते गं.

आई : रडतेयस?

मुलगी : नाही.

आई : आता मात्र खरंच चोंदलं तुझं नाक.

मुलगी : दार उघडू? येऊ आत?

आई : 'ये' म्हणावंसं फार वाटतंय. दहा दिवस तुझं तोंड पाहिलं नाही... मावशींना कधीपर्यंत यायला सांगितलंयस?

मुलगी : मी बरी होईपर्यंत.

आई : मग अजून बरी झाली नाहीस तू. ताट मी घेते. जा, झोप.