काढा सरासरी!

...आणि वर लोक मलाच विचारतात, "तुमचा कॉम्प्युटर चुकलाच कसा?" अहो, चुकला कुठे! तुम्हाला सांगतो, रस्ता बांधायच्या आधीच तो कधी फुटेल हे कॉम्प्युटरवर काढायचं, हेच माझं काम. जड गाड्या किती, ऊन किती, पाणी किती... सगळं भरलं, बटण दाबलं, उत्तर आलं: अठरा महिने. शाळेजवळच्या वळणावर पहिला खड्डा!

आमच्या साहेबांनी कागद असा दोन बोटांत धरला, जसा काही मेलेला उंदीर! "अठरा महिने? मला पंधरा वर्षं हवीत. ट्रकचं वजन किती धरलंस?"

म्हटलं, "खाणीतून येताना भरलेला, तीस टन."

"आणि परत जाताना?"

"रिकामा. दहा टन."

"मग वीस धर की! सरासरी काढली की सगळं ठीक!"

अहो, वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान सोळापट होतं! आणि रिकामा ट्रक काय परत जाताना भेगा शिवत जातो? पण साहेब ऐकतायत थोडेच! "ऊन?" म्हटलं, "दुपारी रस्ता साठ अंशांवर जातो, डांबराचं लोणी होतं." "पहाटे वीस ना? चाळीस धर." आणि पाऊस? वर्षाचा पाऊस भागिले तीनशे पासष्ट! म्हणजे बारा महिने रोज कुणीतरी रस्त्यावर गुलाबपाणी शिंपडतंय! सरासरी काढली की सगळं ठीक!

मी भांडलो असेन? छे! बढती तोंडावर आलेली... शेपूट घातली, सही ठोकली. उत्तर आलं, सोळा वर्षं. साहेब म्हणतात, "बघ, कॉम्प्युटरलाही पटलं!"

आता आमचे बाबा. निवृत्त पोस्टमन. बाजार गल्लीतून पाच मिनिटांवर, पण नाही! स्कूटर काढायची नि मुद्दाम त्या रस्त्यानं वळसा घालायचा. कशाला? तर दिसेल त्याला थांबवून सांगायला, "हा माझ्या पोरानं केलेला रस्ता बरं का!" कितीदा म्हटलं, "बाबा, गल्लीतून जा." "का रे?" ...का, ते सांगायला जीभ रेटली नाही.

सतरावा महिना. शाळेजवळचं वळण. रिकाम्या ट्रकांची बाजू अशी गुळगुळीत, की कॅरम खेळा! भरलेल्यांच्या बाजूला गुडघाभर खड्डा. आणि बाबा कुठल्या बाजूनं? ...तुम्हीच सांगा.

उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. प्लास्टर घालून घरी आणलं, तर खाटेवरून विचारतात, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

बस. भिंतीकडे तोंड फिरवलं, ते आजतागायत माझ्याशी एक शब्द नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला!

आणि काल साहेब आले भेटायला. फळंबिळं घेऊन. प्लास्टरकडे बघून "अरेरे, अरेरे" झालं, खुर्चीत बसले, चहा प्याले, आणि मग मला हळूच विचारतात, "पण दुसरा पाय बरा आहे ना?"

म्हटलं, "हो साहेब, दुसरा अगदी ठणठणीत आहे."

...काढा सरासरी.