आधी हवा, मग गारवा

मी मूळचा परंदवडीचा. घरची भातखाचरं व्हती, पर माझं ध्यान इंजनात. सोमाटण्याच्या फाट्यावर एका गॅरेजात गाड्यांच्या एसीचं काम शिकलो अन् मग हितं कुसगावात जुन्या हायवेला स्वतःचं दुकान टाकलं. हितं हॉटेलं, बंगले, ट्रीपच्या गाड्या, एसीवाल्याला काम कमी न्हाई. आमच्या उस्तादांनी एकच गोष्ट डोक्यात बसवलेली, संजा, आधी हवा, मग गारवा. म्हंजी गाडी आली की आधी डॅशबोर्डाच्या जाळीवर हात धरायचा, वारा किती लागतोय बघायचा, पंख्याचा आवाज ऐकायचा. पंखा ओरडतोय अन् वारा न्हाई, तर वाट कुटंतरी तुंबलीय. डॅशबोर्डाचा डावीकडचा कप्पा काढायचा, त्याच्या मागचा हवेचा फिल्टर बघायचा. गॅस सगळ्यात शेवटी. काय सांगू तुमाला, हे मी किती जणांना शिकवलं, अन् स्वतः काय केलं तेच सांगतो.

कार्ल्याचे दत्तूभाऊ ट्रीपची गाडी चालवायचे. लेणी, लोहगड, धरण, पाहुण्यांना हिंडवायचं. माझं दुकान त्यांच्याच तोंडानं चाललं म्हणा की, सुरवातीला कुत्रं फिरकत नव्हतं, तवा त्यांनी स्टँडवरच्या समद्या ड्रायव्हरांना माझ्याकडं धाडलं. माणूस वाचनाचा लय शौकीन, गाडी दुकानात लावली की बाकावर बसून पेपर वाचायचे, जाहिराती सुदिक सोडायचे न्हाईत.

श्रावणातला शनिवार व्हता, दारात गाड्यांची रांग. मी एकीच्या बोनेटात वाकलेलो. भाऊ आले, म्हणले, संजा, काचेला हवा लागंना बाबा, काच सारखी धुरकटतीय. मला वाटलं गार हवा येत न्हाई म्हणतात. समदेच तसं म्हणतात, गार होईना तरी म्हणायचं हवा येत न्हाई. न्हाई, खोटं कशाला बोलू तुमच्याशी, मला नीट ऐकू आलं व्हतं. काचेला म्हणले ते, काचेला. पर म्या गॅसचा मीटर लावला, काटा खाली दिसला, गॅस भरून मोकळा झालो. आतून हवा फिरत नसली तरी काटा खालीच दिसतो, हे मला म्हाईत न्हाई का? म्हाईत व्हतं की. कप्पा काढायला किती वेळ लागतो, दहा मिनिटं. भाऊ म्हणले, बघितलंस ना रं नीट? म्या म्हणलं, व्हय भाऊ, जावा बिनघोर.

बिनघोर म्हणलो मी.

दुसऱ्या दिवशी लोहगडाचा उतार, धुकं असं की पुढचं बोनेट दिसंना, गाडीत चार पाहुणे भिजून बसलेले, त्यांच्या वाफेनं काच आतनं पांढरी झाली. भाऊंनी बटणं दाबली, पंखा ओरडला, वारा काय येईना. मग एक हात स्टेअरिंगला अन् एका हातानं गमज्यानं काच पुसत पुसत उतरले, अन् वळणाला गाडी दगडाच्या भिंतीवर गेली. पाहुणे वाचले, देवाची किरपा. भाऊंचं उजवं मनगट मोडलं.

गाडी माझ्याकडंच आणली. म्या तवा कप्पा काढला. फिल्टरवर उंदराचं घर. भाऊ गाडी लावायचे भाताच्या पेंढ्याच्या गंजीशेजारी, तितला पेंढा, देवघरातल्या वाती, पेपराचे कुरतडलेले तुकडे, सगळी वाट बंद. म्या ते उचललं, मागच्या ओढ्यात टाकलं, नवा फिल्टर बसवला अन् कुणाला काय बोललो न्हाई. चूक झाली ती एक, पर हे लपवलं ना, ते मला आतनं खातंय.

भाऊंचं मनगट आता वळत न्हाई. गाडी इकली. तरी रोज सकाळी येतात, बाकावर बसतात, डाव्या हातानं पानं उलटत पेपर वाचतात. कुणी इचारलं तर म्हणतात, धुकं व्हतं, अन् माझीच खोड, चालत्या गाडीत काच पुसायची. वर गिऱ्हाइकाला सांगतात, डोळे झाकून द्या गाडी, संजा बघितल्याबिगर सोडत न्हाई. मी बोनेटात डोकं घालतो. तसं आता कप्पा काढल्याबिगर मी गॅसला हात लावत न्हाई, लोक म्हणतात खुळा झालाय, पर बैल गेला अन् झोपा केला, त्याचा काय उपेग?

सांगायचं न्हाई असं न्हाई. दोनदा चहा मागवला, समोर बसलो, म्हणलं भाऊ. ते म्हणले, बोल की. म्या म्हणलं, साखर कमी हाय का?

तुमी मघाशी इचारलं, हे लिवताना नावं बदलू का म्हणून. नगं. माझं बदलू नका, भाऊंचंबी बदलू नका. तुमाला पुण्य लागंल, एवढं करा, लिवून झालं की एक कागद हितं आणून द्या, बाकावर पेपराच्या वर ठेवा. ते वाचणारच. शिव्या देतील, उठून जातील, परत येणार न्हाईत, काय बी व्हईल. पर त्या दिवशी मी बोनेटात डोकं घालणार न्हाई. त्यांचं वाचून व्हईस्तवर समोर हुबा राहीन.