संडासातलं कॅलेंडर

(नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावातलं छोटं घर. बाहेरच्या दाराला लागूनच संडास, त्याचं दार आतून बंद. आत योरीन; भिंतीवर, तिकडच्या रीतीप्रमाणे, आपल्या माणसांच्या वाढदिवसांचं, वर्षानुवर्षं तेच चालणारं कॅलेंडर. बाहेर घरातल्या बोळात नेलेकेमावशी.)

नेलेके : वीस मिनिटं झाली, योरीन. घराची चावी परत द्यायला आलीस, कोटसुद्धा काढला नाहीस आणि थेट आत जाऊन बसलीस. पोट बिघडलंय का?

योरीन : नाही मावशी. येतेच. तुम्ही कॉफी घ्या, गार होईल.

नेलेके : झाली गार. आणि कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज येतोय मला. ऑक्टोबर चालू आहे. तुला पुढचं काय बघायचंय?

योरीन : खरं सांगू? चावीचं नुसतं निमित्त आहे. नाव खोडायला आलेय मी माझं. पेन आणलंय.

नेलेके : काय म्हणालीस?

योरीन : रविवारी वाउटर त्याच्या नव्या मैत्रिणीला घेऊन येतोय ना तुम्हाला भेटवायला? ती इथे बसणार आणि भिंतीवरचे सगळ्यांचे वाढदिवस वाचणार. मी पण पहिल्या दिवशी हेच केलं होतं. माझं नाव बघून ती हसायच्या आत म्हटलं आपणच निघावं. मला सवय आहे.

नेलेके : दार उघड.

योरीन : पण तुम्ही माझ्याआधीच सुरुवात केलेली दिसतेय. अठरा नोव्हेंबर, योरीन. निम्म्या नावावर निळी रेघ आहे. हे तुमचंच पेन, मावशी. शब्दकोड्यांचं.

नेलेके : हो. काढली रेघ.

योरीन : वाउटरनं सांगितलं?

नेलेके : त्याचा फोन आला होता. म्हणाला, आई, तेवढं नाव काढून टाक, बरं दिसत नाही.

योरीन : मग पुरं करायचंत ना! अर्ध्यावर कशाला सोडलंत? अर्धी मुलगी कुणाच्या कामाची?

नेलेके : ओरडू नकोस, शेजारी ट्रूसला ऐकू जातं. आणि त्याच्या सांगण्यावरून नाही काढली मी रेघ. तुझ्यावरच्या रागानं काढली.

योरीन : माझ्यावरच्या? मी काय केलं?

नेलेके : काही नाही केलंस, तेच तर! सात आठवडे झाले तुमचं मोडून. तुला सोडलं त्यानं. माझ्याशी का अबोला धरलास? एक फोन नाही. दर गुरुवारी आपण दोघी वाटाण्याचं सूप घ्यायचो. मी आपली अजून तेवढंच करते, आणि उरलेलं ट्रूसला देते. ट्रूसला कपडे होईनासे झालेत.

योरीन : येणार कोणत्या नात्यानं, मावशी? वाउटर होता तोवर ठीक होतं.

नेलेके : सूप प्यायला नातं लागतं होय?

योरीन : लागतं. तुम्हाला नाही कळायचं. चार वर्षांची होते, धुक्यात गाडी ठोकली आणि आई-बाबा दोघंही गेले. त्यानंतर मला सांभाळायला घेणारी सहा घरं फिरले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. नव्या घरात गेलं की रोज संडासात जाऊन माझी तारीख बघायचे, कुणी लिहिलंय का म्हणून. एका घरी पेन्सिलीनं लिहिलं होतं. एका बाईनं पिवळ्या चिठ्ठीवर लिहून ती चिकटवली. ओलीनं ती पडली आणि त्यांच्या कुत्र्यानं खाल्ली.

नेलेके : अगं बाई.

योरीन : पेननं फक्त तुम्ही लिहिलंत. त्या दिवशी मी इथेच बसून इतकी रडले, की वाउटरला वाटलं मला तुमचे मासे बाधले. त्याच्यावर माझं प्रेम होतं का, हे आता मला सांगता येत नाही, मावशी. या एका ओळीवर मात्र होतं.

नेलेके : ते मला केव्हाच दिसलं होतं. तो बोलायचा तेव्हा तू सुपाच्या पातेल्याकडे बघायचीस.

योरीन : हसवू नका.

नेलेके : एप्रिल काढ. सात तारखेला कोण आहे?

योरीन : हेंक.

नेलेके : माझा नवरा. पंचवीस वर्षांपूर्वी पोहायला शिकवणाऱ्या बाईबरोबर पळाला. खोडलंय त्याला?

योरीन : नाही.

नेलेके : दर सात एप्रिलला तिथे बसून त्याला मनसोक्त शिव्या घालते. खोडला असता तर तारीख नसती का विसरले?

योरीन : मलाही घालणार?

नेलेके : सात आठवडे घालतेच आहे.

योरीन : वाउटर चिडेल.

नेलेके : चिडू दे. चिडला तरी जेवायला इथेच येतो. चिडल्यावर घर बदलायची खोड तुझी. चावी कुठे ठेवलीस?

योरीन : इथे फळीवर.

नेलेके : घाल परत खिशात. आणि उघड आता, नाव नीट लिहू दे मला.

योरीन : मीच लिहिते. आहे पेन माझ्याकडे.

नेलेके : खबरदार! तिथे आपलं नाव आपण लिहायचं नसतं, घरच्यांनी लिहायचं असतं. उघड, योरीन. मला कधीची जायची घाई झालीय.

योरीन : घ्या. उघडलं.

नेलेके : बघ, नाक कसं लाल केलंयस. सरक तिकडे.

योरीन : दोघी नाही मावणार आपण.

नेलेके : पोट आत घे. दे ते तुझं पेन, जाड आहे, बरं आहे. यो... रीन. झालं.

योरीन : रेघ दिसतेय अजून.

नेलेके : दिसू दे. काढली होती मी, नाही कशाला म्हणू? तू हो पुढे, मी आलेच, मग कॉफी दुसरी करते. बिस्किटांचा डबा उघडाच ठेवलाय, दोन घे.

योरीन : मावशी, पण अठराला होणार काय? गेल्या वर्षी ट्रूसनं आल्या आल्या वाउटरचा हात धरून अभिनंदन केलं, मैत्रिणीच्या वाढदिवसाचं म्हणून. वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन घरच्यांचं, अशी आपली रीत. यंदा वाउटर नसेल. ट्रूस दारात उभी राहून अभिनंदन करणार कुणाचं?

नेलेके : माझं.