साडेसहा फुटांखालची खोली

नाव : ओळखपत्रावर छापले आहे तेच समजावे, मी ते कधी वाचलेले नाही. गल्लीत मला शिवणआजी म्हणतात.
वय : ओळखपत्राप्रमाणे अठ्ठ्याहत्तर. माझ्या हिशेबाने दोन कमी, पण छापील मान्य आहे.
धंदा : पुस्तकबांधणी.
शिक्षण : नाही. आकडे येतात, घड्याळ येते.
राहणार : पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डाव्या हाताचे सातवे घर. हा पत्ता महिनाअखेरपर्यंतच चालेल.

ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्या दडपणाखाली न येता तोंडी सांगते आणि हवालदार लिहून घेतात ते असे की,

मी वरील पत्त्यावर सत्तावन्न वर्षांपासून राहते. घरात मी व माझी सून अशा दोघी आहोत. पती अकरा वर्षांपूर्वी वारले. मुलगा सहा वर्षांपूर्वी गेला. तो कसा गेला असे हवालदारांनी विचारले. त्याचा या गुन्ह्याशी संबंध नसल्याने सांगत नाही.

घर खाली एक खोली व वर एक खोली असे आहे. खाली स्वयंपाक होतो व मी झोपते. वर बांधणीचे काम चालते व सून झोपते. वर जाण्यास आतून तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना आहे. वरच्या खोलीला दार आहे, दाराला बाहेरून कडी आहे, रस्त्याच्या बाजूला खिडकी आहे. या सर्व वस्तू गुन्ह्यात वापरल्या असल्याने नीट लिहून घ्याव्यात.

वरची खोली माझ्या पतींनी लग्नानंतरच्या वर्षी स्वतः बांधली. लाकूड कागदाच्या गिरणीतून माल यायचा त्या खोक्यांचे आहे. पती उंचीने पाच फूट दोन इंच होते. सुताराने छत किती उंच घेऊ विचारले तेव्हा ते भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या डोक्यावर एक वीत घे. आपलं काम बसून करायचं, उभं राहून पुस्तक कोण शिवतं?” मी म्हटले, “आणि पोरं झाली तर?” ते म्हणाले, “माझ्यावर गेली तर मावतील. तुझ्यावर गेली तर भांडून जागा करतील.” त्यांची वीत सात इंचांची, त्यामुळे छत पाच फूट नऊ इंचांवर आहे व मधली तुळई त्याहून चार बोटे खाली आहे.

बांधणीचे काम असे की, छापखान्यातून मोठे कागद येतात, ते घडी घालून आकड्यांप्रमाणे लावायचे, मग पाठीतून दोऱ्याने शिवायचे. मला अक्षर येत नसल्याने पतींनी आधी आकडे शिकवले. पहिल्याच वर्षी एका जाड पुस्तकातली एक घडी मी उलटी शिवली. आकडा सहाचा की नऊचा हे मला तेव्हा नीट कळत नव्हते. दीडशे प्रती शिवून झाल्यावर ते लक्षात आले. पती ओरडतील म्हणून मी जिन्यावर जाऊन बसले. ते खाली येऊन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “एवढ्या जाड पुस्तकात तिथवर कोणी पोचत नाही. पोचलाच तर तेवढी पानं त्यानं डोक्यावर उभं राहून वाचावी.” मग दोघांनी मिळून दीडशे प्रती उसवल्या. त्याला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आम्ही जेवढे हसलो तेवढे नंतर कधी हसलो असे मला आठवत नाही. हे लिहायची गरज नाही असे हवालदार म्हणाले. मी लिहा म्हटले.

खोलीत खळीचा, म्हणजे पीठ शिजवून करतात त्या चिकटवायच्या लगद्याचा, वास असायचा. मुलगा तान्हा असताना कागदाच्या दोन थप्प्यांच्या मध्ये झोपायचा. शिवणीचा दोरा ओढल्याचा आवाज थांबला की उठायचा, म्हणून तो जागा होऊ नये यासाठी मी शिवायचे काही नसतानाही रिकामा दोरा ओढत असे. चौदाव्या वर्षी तो बापाच्या वर गेला. स्वभावाने माझ्यावर गेला. रोज डोक्याला तुळई लागू लागली. तेव्हा पतींनी उरलेले बांधणीचे कापड, आत कापूस घालून, तुळईवर ठोकले. मुलगा वाढत गेला तशी ती गादीही पतींनी एकावर एक तीन वेळा जाड केली. हल्ली घरात आम्ही दोघीच, दोघीही ठेंगण्या, कोणाचेच डोके तिथवर पोचत नाही. मी ती काढू म्हटले तर सून म्हणाली, “आई, राहू द्या ना, काय खाते ती?” म्हणून ती आहे.

रस्ता रुंद करून नव्या पुलाची चढण बांधायची असल्याने आमच्या ओळीतील घरे सरकार घेत आहे. घर देण्यास माझी हरकत नाही. पूल व्हावा. जुन्या पुलावरून चालत नदी ओलांडायला आता माझे गुडघे तयार नाहीत. मोबदला म्हणून नव्या वसाहतीत जागा मिळते. ज्याची एक खोली जाते त्याला एक, ज्याच्या दोन जातात त्याला दोन.

मागील महिन्यात भूसंपादन कार्यालयातील मोजणीसाहेब मोजणीस आले. साहेब उंच आहेत, वर वाकूनच फिरले. नंतर कागद आला तो सुनेने वाचून दाखवला. त्यात होते, खोली एक. पुढे होते, लाकडी माळा, उंची साडेसहा फुटांखाली, वापर अडगळ. दार-खिडकीचा कागदात उल्लेख नाही. माळ्याची भरपाई लाकडाच्या वजनावर. सुनेने अडगळ हा शब्द वाचला आणि कागद घडी घालून ठेवला. घडी अगदी बरोबर घातली. दुसऱ्या दिवशी तिने भावाला फोन केला. एका खोलीत आम्हा दोघींची सोय होणार नाही, आणि बांधणीचे सामान ठेवले तर एकीचीही नाही. भाऊ महिनाअखेर तिला न्यायला येणार आहे. ती मला काही म्हणाली नाही. मीही नाही.

मी कार्यालयात तीन वेळा गेले. मोजणीसाहेब सभ्य आहेत, बसायला खुर्ची देतात. प्रत्येक वेळी म्हणाले, “आजी, नियम मी केलेला नाही. साडेसहा फुटांखाली खोली धरता येत नाही.” मी म्हटले, “अहो, माझे मालकच साडेसहा फुटांखाली होते, त्यांना माणूस धरलं का नाही तुम्ही?” ते हसले, पण कागद बदलला नाही. शेवटी एकदा येऊन पुन्हा पाहतो म्हणाले.

त्याप्रमाणे मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ते आले. एकटे होते. सून छापखान्यात वह्या पोचवायला गेली होती. ती घरात नव्हती. ही गोष्ट दोनदा लिहावी. ती घरात नव्हती.

साहेब पिशवी घेऊन वर गेले. जाताना त्यांचे डोके तुळईला लागले, पण गादीमुळे इजा झाली नाही. हे त्यांच्या तक्रारीत आलेले नाही. ते खिडकीपाशी उभे असता, अकरा वाजून पाच मिनिटांनी, मी दार ओढून बाहेरून कडी लावली व जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. कडी मीच लावली. हात घसरला नाही, विसरही पडला नाही.

त्यानंतर आमचे बोलणे झाले ते येणेप्रमाणे.

साहेब म्हणाले, “आजी, दार लागलं वाटतं.”

मी म्हटले, “कसलं दार, साहेब? तुमच्या कागदात तर दार नाही.”

साहेबांनी दार एकदा ओढून पाहिले. मग म्हणाले, “आजी, हा गुन्हा आहे.”

“असेल बाबा. मला वाचता येत नाही.”

“मी खिडकीतून लोकांना हाक मारीन हं.”

“खिडकी सापडली का? बरं झालं. तीही लिहा.”

त्यांनी हाक मारली नाही. त्यांचा फोन वर जाण्याआधी त्यांनी खाली माझ्या खोलीत चार्जिंगला लावला होता, तो वाजत होता. मी उचलला नाही, दुसऱ्याचा फोन उचलू नये. मी त्यांना सांगितले की, कोपऱ्यात माठ आहे, भांडे वर पालथे आहे. पाणी ओतल्याचा आवाज आला. सुनेचे बसून काम करायचे बुटके टेबल खिडकीखाली आहे, तेही सांगितले. नंतर बराच वेळ कागदांचा आवाज येत होता. साहेबांनी त्या टेबलापाशी बसून अकरा घरांची टिपणे पुरी केली. हे मला त्यांनीच नंतर सांगितले. म्हणाले, कार्यालयात इतकी शांतता मिळत नाही.

मध्ये एकदा त्यांनी विचारले, “वर कोण झोपतं?” मी म्हटले, “सून.” “आणि तुम्ही?” “खाली. एकीला दुसरीचं रडणं ऐकू येऊ नये एवढं अंतर घरात असावं.”  मग ते म्हणाले, त्यांच्या घरी एकच खोली आहे, त्यांची आई स्वयंपाकाच्या ओट्याखाली अंथरूण टाकते. मी म्हटले, “मग तुम्हाला तर कळायला हवं.” ते म्हणाले, “कळतं हो आजी. कळून काय करू?”

साडेबाराच्या सुमारास घोरण्याचा आवाज येऊ लागला. मी उठवले नाही. अडगळीत माणसाला इतकी गाढ झोप लागत नाही, असे माझे म्हणणे आहे.

एक वाजून दहा मिनिटांनी सून आली. मला जिन्यावर बसलेली पाहून म्हणाली, “आई, वर कोण आहे?” मी म्हटले, “सरकार.” तिने कपाळाला हात लावला, मला ओलांडून वर गेली आणि कडी काढली. साहेब केस नीट करीत बाहेर आले. सून त्यांना तीनदा माफ करा म्हणाली. मी म्हटले नाही. त्यांनी चहा घेतला, फोन घेतला व गेले. दुपारी त्यांच्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांनी तक्रार दिली.

ती तक्रार हवालदारांनी मला आज वाचून दाखवली. त्यात लिहिले आहे की, “सदर वृद्ध महिलेने मला घराच्या वरच्या मजल्यावरील खोलीत, बाहेरून दाराची कडी लावून, दोन तास पाच मिनिटे कोंडून ठेवले.” मी ते वाक्य तीनदा वाचायला लावले. हवालदारांना वाटले मला ऐकू कमी येते. मला ऐकू व्यवस्थित येते. तक्रारीतला मजकूर अक्षरन् अक्षर खरा आहे व मला तो मान्य आहे. या तक्रारीची शिक्क्यानिशी नक्कल मला मिळावी. शुक्रवारी मोबदल्याची सुनावणी आहे, तिथे ती दाखवायची आहे.

हा जबाब चालू असताना मोजणीसाहेब स्वतः ठाण्यात आले. त्यांच्या वरिष्ठांना तक्रारीतील भाषेवर आक्षेप होता. त्यांनी फौजदारांना सांगितले की, एक दुरुस्ती करायची आहे, खोली या शब्दाऐवजी माळा करावे. नाहीतर तक्रारच मागे घेतो. मी म्हटले, “मागे कशी घेता? गुन्हा माझा आहे, मी तो सोडणार नाही.” फौजदार हसले नाहीत. त्यांनी साहेबांना विचारले, “तुम्ही शपथेवर सांगताय. जागेला दार होतं?” साहेब म्हणाले, होते. “कडी?” होती. “खिडकी?” होती. “आत राहण्यासारखं होतं?” साहेब पिशवीचा पट्टा सरळ करू लागले. फौजदारांनी तक्रारीचा कागद व पेन त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “दुरुस्ती तुमच्या हातानं करा, खाली सही करा.”

साहेबांनी पेन उचलले. मी पाहत होते. सून बाहेरच्या बाकावर होती, तिला आतले दिसत नव्हते. साहेबांनी पेनचे टोपण काढले, पुन्हा लावले. मग म्हणाले, “राहू दे आहे तसंच,” आणि कागद फौजदारांकडे सरकवला. जाताना माझ्याकडे पाहिले नाही. वरिष्ठ त्यांना काय म्हणतील हे मला माहीत नाही. घरी गेल्यावर त्यांच्या आईला माझा नमस्कार सांगावा, असे मी त्यांना म्हणाले. ते ऐकू गेले की नाही सांगता येत नाही.

सुनावणीत काय होईल याबद्दल मी काही धरून चाललेली नाही. नियमात साडेसहा फूट आहेत ते आहेतच. कोंडल्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे, फक्त शुक्रवारनंतर द्यावी.

यापुढे समन्स कोठे पाठवायचे असे हवालदारांनी विचारले. महिनाअखेरीनंतर हे घर नसेल. दोन खोल्या मिळाल्या तर वसाहतीचा नंबर मी स्वतः येऊन सांगेन, आकडे मला येतात. एकच मिळाली तर दुसरा एक पत्ता लिहून घ्यावा लागेल, सुनेच्या भावाचा. तो गाव लांब आहे, बसला सहा तास लागतात. तो पत्ता मला माहीत आहे, पण आज लिहू नये. हवालदारांनी ती जागा कोरी सोडली आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांनी चुकून माळा लिहिले होते, ते खोडून खोली केले आहे आणि त्या खाडाखोडीवर माझा अंगठा आहे. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे. ऐकले, समजले, बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा