रोझीचा नवरा

वसईत एसटीच्या रांगेत मी पुस्तक उघडून उभी होते. पुढे दोघी होत्या.

"जीना, दारुड्यांच्या बायकांची आपली इंटरनेटवरची मीटिंग असते ना, त्यात एक जण कधीच काही टाइप करायची नाही. आठवते?"

"लाजायची बिचारी."

"लाजत नव्हती, आपलं सगळं उतरवून घेत होती. तिचा कॉलेजचा रिपोर्ट माझ्या भाचीने वाचला."

"आपल्याला न विचारता?"

"ग्रुप चालवणाऱ्या बाईंना विचारलं म्हणे."

"नवरा बाईंचा पितो की माझा? आणि नावं?"

"बदललीत. तू रोझी."

"मग ठीक आहे."

"पुढे लिहिलंय, रोझीचा नवरा होळी गावातला, लग्नांत ट्रम्पेट वाजवणारा."

"अगं विनी, होळीत ट्रम्पेटवाला एकच आहे!"

"हळू बोल. मागची बाई मघापासून वाचतेय, पण पान उलटत नाही."

मी पान उलटलं.