डेटाची मर्यादा

मोबाइल कंपनीच्या काउंटरपुढची रांग हलेना, तेव्हा रांगेतल्या एका मास्तरीणबाईंचं डोकं तापलं. त्यांच्या पुढची पोरगी तर बापावर नुसती फणफणत होती.

"एवढं बिल? डेटा संपत आल्याचे चार मेसेज आले होते, बाबा! वाचले नाहीत?"

"वाचले."

"तरी चालूच? अहो साहेब, यांना मर्यादा लावून द्या. संपला की आपोआप बंद! बघता तरी काय दिवसभर?"

"तुझ्या आईला व्हिडिओ कॉल लावतो."

"एका घरात राहता ना?"

"मी इस्त्रीच्या दुकानात, ती पलंगावर."

"आठ-आठ तास बोलता काय?"

"बोलत नाही. तिचा फोन समोरच्या खुर्चीवर उभा करून येतो. एक कपडा झाला की एकदा बघतो."

"काहीतरीच!"

"मागच्या महिन्यात पडली, तेव्हा मी येईपर्यंत फरशीवरच होती."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"तेव्हाच फोन केला होता. मीटिंगमध्ये आहे म्हणालीस. नंतर करते म्हणालीस."

काउंटरवरच्या माणसाने हात पुढे केला. "द्या काका फोन, मर्यादा लावतो."

"खबरदार त्या फोनला हात लावलात तर!" पोरगी त्याच्यावरच खेकसली.